स्टिअरिंग ढिलं, पेट्रोलचा काटा खोटा: आउटबोर्डच्या होडीतले दोन बिघाड कसे शोधायचे

मालवण-तारकर्लीकडची पर्यटकांची होडी असो की खाडीत गळ टाकायला घेतलेली स्वतःची सोळा फुटी फायबर, पुढे स्टिअरिंग व्हील, मागे आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेलं इंजिन) आणि डॅशबोर्डवर काटे अशी मांडणी असली की दोन तक्रारी ठरलेल्या. व्हील फिरवलं तरी इंजिन लगेच वळत नाही, आणि टाकीत पेट्रोल असून काटा तळाला पडलेला असतो. कधी नेमकं उलटं होतं, आणि ते जास्त वाईट. नवखा माणूस अशा वेळी सगळ्यात महाग वस्तू आधी बदलतो: स्टिअरिंगसाठी अख्खी केबल, काट्यासाठी नवा गेज, म्हणजे डॅशवरचा मीटर. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो, कारण तो एखाद्या सैल नटात किंवा हिरव्या पडलेल्या वायरच्या टोकात असतो. दोन्ही यंत्रणा साखळीसारख्या आहेत. कुठली कडी सुटली ते आधी शोधायचं, मग पाकीट काढायचं.

लागणारं सामान फार नाही. पान्हे मात्र इंची आणि मिलिमीटर दोन्ही मापांचे घ्या. जपानी इंजिनाचे बोल्ट मिलिमीटरमध्ये असतात आणि स्टिअरिंग केबलचे नट बहुधा इंचात. जवळपासचा पान्हा लावून नटाचे कोपरे गोल झाले की पाच मिनिटांच्या कामाला दुपार जाते. शिवाय मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर वायर, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, मरीन ग्रीस, टॉर्च आणि नायलॉनची रिंग असलेले चार-सहा नवे लॉक नट. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. ही कामं काढायला तोच मुहूर्त बरा.

आधी ठरवा, ढिलं आहे की दुसरंच काही

जेटीतून निघताना, अगदी हळू चालीत, होडी डावी-उजवीकडे भरकटते. हा बिघाड नाही. प्रोपेलरचं पाणी कमी जोराने जात असतं आणि तळाला पकड नसते. नवीन माणूस ती सरळ करायला व्हील मोठं फिरवतो, होडी दुसरीकडे जाते, मग तो उलटं फिरवतो, आणि स्टिअरिंग ढिलं झालंय असं त्याला वाटतं. व्हील थोडंसंच फिरवून क्षणभर थांबा, होडी आपोआप वळेल.

वेगात होडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर तेही ढिलेपण नव्हे. प्रोपेलरच्या वर, आडव्या पट्टीखाली, माशाच्या परासारखा एक छोटा ट्रिम टॅब असतो. होडी उजवीकडे ओढत असेल तर त्या टॅबचं मागचं टोक थोडं उजवीकडे वळवायचं, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एका वेळी थोडंच हलवा, बोल्ट घट्ट करा, चालवून बघा. या टॅबला रंग लावू नका. बऱ्याच इंजिनांत तोच झिंकचा अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजून ते गंजण्यापासून वाचवणारा तुकडा, असतो आणि रंगाखाली तो निकामी होतो.

खरं ढिलेपण वेगळं असतं. व्हील अमुक इतकं फिरेपर्यंत मागे इंजिन हलतच नाही. मेकॅनिक याला ‘प्ले आलाय’ म्हणतात. केबलच्या स्टिअरिंगमध्ये व्हीलच्या कडेवर बोट-दोन बोटं प्ले नव्यातही सापडतो. तो महिन्यागणिक वाढत असेल, किंवा मागे ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर होडी बाहेर काढू नका.

प्ले कुठे आहे ते शोधणं

या कामाला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, चावी काढलेली, किल-कॉर्डची (ओढली की इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप उपसलेली, इंजिनाचा पाय, म्हणजे प्रोपेलरकडचा भाग, खाली सरळ. एकाने व्हील अगदी थोडं, फक्त प्ले संपेपर्यंत, डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने मागून सुरुवात करून एकेक सांधा बघायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. सुरुवात मागून यासाठी की खारं पाणी तिथेच बसतं आणि झीजही तिथेच आधी होते.

पहिला सांधा लिंक आर्मचा. केबलच्या टोकाचा स्टीलचा दांडा इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून, म्हणजे ज्यावर इंजिन वर उचललं जातं त्या आडव्या नळीतून, आरपार बाहेर येतो. त्याला एक वाकडी पट्टी जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक इंजिनाच्या पुढच्या भागाला. ही पट्टी म्हणजे लिंक आर्म. केबलचा दांडा सरकतोय पण पट्टी थोडी उशिरा हलतेय, असं दिसलं तर दोष बोल्टात किंवा त्याच्या भोकात. बोल्ट काढून बघा. मधोमध कंबर पडल्यासारखा झिजला असेल तर नवा घ्या, भोक लांबट झालं असेल तर पट्टीच बदला. बोल्ट स्टेनलेसचा आणि कंपनीने दिलेल्याच मापाचा. बाजारातला साधा लोखंडी बोल्ट एका हंगामात गंजून बारीक होतो. इथे नायलॉनचा लॉक नटच हवा आणि काढलेला परत लावायचा नाही. साधा नट आणि स्प्रिंग वायसर ही जोडी इंजिनाच्या थरथरीत उलगडते, आणि हा नट पडला की होडीला स्टिअरिंग उरत नाही.

घट्ट किती करायचा, यात सगळे चुकतात. पट्टी सांध्यात फिरायला हवी. केबलच्या दांड्याशी असलेला नट बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेप्रमाणे पूर्ण बसवून पाव फेरा मागे घ्यायचा असतो. इंजिनाच्या बाजूचा बोल्ट मात्र पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळायचा. दोन्हीकडे जीव खाऊन आवळलं तर पट्टी अडते आणि वळताना दांड्यावर वाकडा जोर येतो.

दुसरा सांधा टिल्ट ट्यूबच्या तोंडाशी केबलचा मोठा नट. तो सैल असेल तर व्हील फिरवताना केबलचं बाहेरचं कव्हर पुढे-मागे सरकताना दिसेल. आतला दांडा जाण्याऐवजी कव्हरच हलतं, म्हणून वळण कमी मिळतं. नट आवळला की काम झालं. या एका नटामुळे चांगल्या केबली फेकून दिल्या जातात.

तिसरा, इंजिन स्वतः. व्हील धरणाऱ्याला व्हील घट्ट धरायला सांगा आणि इंजिनाचा पाय हाताने बाजूला हलवा. लिंक आर्म स्थिर आणि पाय ब्रॅकेटमध्ये लुकलुकतोय, तर बुश, म्हणजे सांध्यातल्या आतल्या नळ्या, गेलेत. ते काम मेकॅनिकचं. अख्खं ब्रॅकेटच होडीच्या मागच्या फळीवर हलत असेल तर क्लॅम्पचे स्क्रू आणि बोल्ट बघा. आवळल्यावर वायसर फळीत रुतायला लागला, कडेने तपकिरी पाणी आलं, तर फायबरच्या आतलं लाकूड कुजलंय. तो प्रश्न स्टिअरिंगपेक्षा मोठा आहे आणि आधी तोच सोडवायला हवा.

मागे सगळं ठीक असेल तर पुढे या. व्हीलच्या मधली टोपी काढली की शाफ्टचा नट दिसतो. व्हील हलतंय पण शाफ्ट नाही, असं झालं तर नट सैल आहे किंवा शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा (यालाही ‘चावी’ म्हणतात) झिजला आहे. डॅशबोर्डच्या मागे हात घालून हेल्मचे, म्हणजे गियरच्या डब्याचे, बोल्ट तपासा. पातळ फायबरच्या डॅशवर अख्खा हेल्मच डुलत असतो. मागून जाड पट्टी किंवा मोठे वायसर टाकून बसवा.

इतकं सगळं घट्ट असून प्ले उरला, तर तो हेल्मच्या गियरमध्ये किंवा केबलच्या पोटात. दोन्ही उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. केबल दुरुस्त होत नाही. तिच्या कव्हरला चीर पडून आतला गंज दिसत असेल तर मोजमापाचीही गरज नाही, ती संपली. नवी घेताना जुन्या कव्हरवर छापलेली लांबी फुटांत बघा आणि तेवढीच मागा. लांब घेतली तर जास्तीची केबल कुठेतरी गुंडाळावी लागते. वाकवताना ८ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, नाहीतर व्हील पहिल्या दिवसापासून जड जाईल. केबल आणि हेल्म एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले असू द्या.

ग्रीस, आणि ते भरण्याची एकच योग्य वेळ

टिल्ट ट्यूबवर ग्रीस गन लावायला निपल असतो. तो दिसला की लोक ग्रीस मारत सुटतात. थांबा. आधी व्हील अशा बाजूला पूर्ण फिरवा की केबलचा दांडा टिल्ट ट्यूबमध्ये पूर्ण आत जाईल. दांडा बाहेर असताना ट्यूबमध्ये ग्रीस ठासलं तर दांड्याला आत यायला जागा उरत नाही आणि स्टिअरिंग अडकून बसतं. ते जेटीवर अडकलं तर चेष्टा होईल, वळणात अडकलं तर अपघात.

दांडा उघडा असताना त्यावरचं काळं, वाळलेलं ग्रीस फडक्याने पुसून काढा आणि नवीन मरीन ग्रीसचा पातळ थर द्या. वाळलेलं ग्रीस डिंकासारखं धरतं, व्हील जड होतं, माणूस जोर लावतो आणि त्या जोराने गियर झिजतो. म्हणजे आज जड असलेलं स्टिअरिंग उद्या ढिलं होतं. जडपणा नक्की कुठे आहे ते बघायचं तर लिंक आर्म सोडवा. व्हील हलकं झालं आणि इंजिन हाताने जड वळतंय, तर दोष इंजिनाच्या पिव्होटमध्ये, म्हणजे ते ज्यावर वळतं त्या खुंटीत. व्हील तरीही जड, तर केबल किंवा टिल्ट ट्यूब.

हायड्रॉलिक असेल तर

मोठ्या इंजिनांना केबलऐवजी तेलाचं स्टिअरिंग असतं. इथे ढिलेपणाचं नेहमीचं कारण म्हणजे तेलात शिरलेली हवा. व्हील स्पंजसारखं दबतं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्वीपेक्षा जास्त फेरे लागतात. हे फेरे होडी नवी असतानाच मोजून लिहून ठेवले तर पुढे भांडण राहत नाही.

हवा आपोआप येत नाही. आधी गळती शोधा. टिश्यू पेपर घेऊन सिलिंडरच्या दांड्याभोवती, नळ्यांच्या जोडांवर आणि व्हीलच्या मागे शाफ्टपाशी फिरवा. ओला झाला तिथे सील किंवा जोड गेलाय. ते न बदलता नुसतं तेल भरत राहणं म्हणजे खर्च पुढे ढकलणं.

गळती मिटल्यावर हवा काढा. हेल्मच्या वरच्या तोंडाला नळीने तेलाची बाटली उलटी लावा आणि तिच्या तळाला बारीक भोक पाडा, म्हणजे तेल उतरत राहील. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना ब्लीड निपल (हवा बाहेर काढायचं तोंड) असतो, त्यावर पारदर्शक नळी आणि खाली डबा. एका बाजूचा निपल उघडून, सिलिंडर मागे सरकू नये म्हणून एकाने धरून, दुसऱ्याने व्हील पुस्तिकेत सांगितलेल्या दिशेला हळू फिरवत राहायचं. बुडबुडे बंद होऊन तेलाची सलग धार आली की व्हील फिरत असतानाच निपल बंद. मग दुसरी बाजू. बाटली मध्येच रिकामी झाली तर हवा परत आत जाते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून एक बाटली जादा हाताशी ठेवा.

तेल स्टिअरिंगचंच. गाडीचं ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून खराब होतात.

हवा काढूनही, व्हील एका टोकाला नेऊन दाबून धरल्यावर ते हळूहळू फिरतच राहिलं, तर तेल आतल्या आत निसटतंय. हेल्मचा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचा सील गेलाय. इथे हाताने करण्यासारखं काही उरत नाही.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी खाडीत, उघड्या पाण्यात, हळू. दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, मग वेग वाढवा. समुद्रात स्टिअरिंग तुटलंच तर आधी थ्रॉटल खाली, मग नांगर, आणि मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ किंवा तटरक्षक दलाचा फोन नंबर १५५४. होडीत वल्हं नसेल तर या लेखातलं बाकी काही करण्याआधी ते आणा.

आता पेट्रोलचा काटा

टाकीत फ्लोट (तरंगणारा गोळा) असलेला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी कळवणारा भाग, तिथून डॅशपर्यंत वायर, आणि डॅशवर गेज, असा हा मामला. पेट्रोल कमी-जास्त होतं तसा सेंडरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि गेज तो दाखवतो. जगात याच्या दोन पद्धती चालतात आणि घोळ तिथेच होतो. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम, अर्ध्याला साधारण १०० आणि भरलेल्याला ३३ च्या आसपास. युरोपियन पद्धतीत रिकामी १० ओहम आणि भरलेली १८०. सेंडर एका पद्धतीचा आणि गेज दुसऱ्या पद्धतीचा बसवला तर काटा कधीच खरं बोलणार नाही. गेजच्या मागे किंवा खोक्यावर हे आकडे असतात. दुकानदाराच्या ‘चालतं सगळ्याला’ यावर जाऊ नका.

तुटलेली वायर दोन्ही पद्धतींत वेगळं चित्र दाखवते. अमेरिकन गेज वायर तुटली की ‘रिकामी’ दाखवतो. माणूस वैतागतो पण सुरक्षित राहतो. युरोपियन गेज वायर तुटली की ‘भरलेली’ दाखवतो. सांधा गंजून रेझिस्टन्स वाढला तरी काटा वरच चढतो, आणि टाकी कोरडी पडेपर्यंत संशय येत नाही. आपली पद्धत कोणती ते प्रत्येक होडीमालकाला ठाऊक असायलाच हवं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. म्हणून तपासणी डॅशपासून, टाकीपासून दूर सुरू करायची. गेजच्या मागे तीन टोकं असतात: ‘आय’ला चावीतून येणारा १२ व्होल्टचा पुरवठा (बऱ्याच होड्यांत जांभळी वायर), ‘जी’ला अर्थिंग (काळी) आणि ‘एस’ला सेंडर (गुलाबी).

१. चावी चालू करून मल्टिमीटर ‘आय’ आणि ‘जी’वर लावा. १२ व्होल्टच्या आसपास नसेल तर फ्यूज आणि काळी वायर बघा. सगळेच काटे मेलेले असतील तर दोष इथेच.

२. चावी बंद करून ‘एस’ची वायर काढा, चावी चालू करा. अमेरिकन गेजचा काटा रिकाम्यावर जायला हवा, युरोपियनचा भरलेल्यावर.

३. चावी बंद करून ‘एस’ आणि ‘जी’ क्लिपच्या वायरने जोडा आणि काही सेकंद चावी चालू करा. काटा बरोबर उलट टोकाला जायला हवा. दोन्ही वेळा हलला तर गेज चांगला आहे, नवा आणायला जाऊ नका. पुरवठा असून हलत नसेल तर गेज गेला.

४. आता टाकीकडे. टाकीवरचं डेकचं झाकण (पेट्रोल भरायचं बूच नव्हे) उघडून वारा खेळू द्या. पेट्रोलचा वास असेल तर काम बंद, आधी वास कुठून येतो ते शोधा. नसेल तर चावी बंद असतानाच सेंडरची गुलाबी वायर काढून काळीला क्लिपने जोडा, झाकणापासून दूर व्हा, मगच दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. क्लिप काढतानाही आधी चावी बंद. ठिणगी कधी टाकीजवळ पडू द्यायची नाही, एवढ्यासाठी हा क्रम. काटा पायरी तीनप्रमाणे पूर्ण टोकाला गेला तर वायर चांगली, दोष सेंडरमध्ये. नाही गेला, किंवा थोडा अलीकडे थांबला, तर वायर किंवा सांधा.

काटा अलीकडे थांबणं दुर्लक्षित होतं. अमेरिकन पद्धतीत एखादा सांधा गंजून ३०-४० ओहम वाढले, की भरलेली टाकी पाऊण दिसते. लोक म्हणतात गेज ‘थोडा कमी दाखवतो’ आणि वर्षानुवर्षं तसंच चालवतात. सेंडरवरचं रिंगचं टोक काढून बघितलं तर तांब्यावर हिरवी पूड आणि वायर सालीच्या आत बोटभर काळी पडलेली असते. काळी पडलेली वायर कापून, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जायचं. नवी वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या, टोक क्रिम्प करा (पक्कडीने दाबून बसवा), आणि आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसणारी) वरून चढवा. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी खाऱ्या हवेत पावसाळा काढत नाही. काळ्या अर्थिंगच्या वायरलाही हाच न्याय. बहुतेक जण फक्त गुलाबी बदलतात.

५. शेवटी सेंडर. वायर सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक मधल्या स्क्रूवर, दुसरं अर्थिंगच्या स्क्रूवर. टाकीत किती पेट्रोल आहे ते माहीत असेल तर वरच्या आकड्यांशी पडताळा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली वायर तुटली.

सेंडर काढायचा तर बॅटरीचा स्विच बंद करा आणि टाकी निम्म्याच्या खाली असू द्या. पाच स्क्रू असतात आणि भोकांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलेलं असतं, म्हणजे तो एकाच दिशेने बसतो. तरीही काढण्याआधी मार्करने खूण करा, वेळ वाचेल. बाहेर काढल्यावर फ्लोटचा दांडा वर-खाली फिरणारा सेंडर असेल तर तो दांडा हाताने हळू वर-खाली करा, आकडा सलग बदलायला हवा, मध्येच उडी किंवा शून्य नको. नळीच्या आकाराच्या सेंडरमध्ये आकडा पायऱ्यांनी बदलतो, तो दोष नाही. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोक पडून बुडालाय.

नवा सेंडर टाकीच्या खोलीप्रमाणे. फ्लोट तळापासून अर्धा ते एक इंच वर थांबावा आणि टाकीतल्या आडव्या पडद्याला किंवा सक्शनच्या नळीला घासू नये. दांडा घासत असला की काटा एकाच जागी अडकतो, आणि लाट बसली की अचानक उडी मारतो. गॅसकेट नवं, पेट्रोलला टिकणारं, आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारं. वरून सिलिकॉन फासू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. सेंडर टाकीच्या डोक्यावर असल्यामुळे गळती अर्ध्या टाकीत दिसणार नाही. टाकी पूर्ण भरल्यावर कोरडा टिश्यू कडेने फिरवा आणि वास घ्या.

काटा बरोबर असला तरी

होडीच्या पोटातली टाकी तळाला निमुळती असते. काटा पेट्रोलची उंची मोजतो, लिटर नाही. म्हणून वरचा अर्धा भाग सावकाश संपतो आणि खालचा भराभर. शिवाय वेगात नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलली की पेट्रोल मागे सरकतं आणि काटा हलतो. वाचन नेहमी होडी थांबवून, सपाट पाण्यात घ्या.

टाकी एकदा रिकामी होईल तेव्हा मंजूर कॅनने १०-१० लिटर भरत जा आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते लिहा. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशला चिकटवा. खर्चाचा ढोबळ अंदाज असा: पेट्रोलचं फोर-स्ट्रोक इंजिन फुल थ्रॉटलला दर १० एचपीला ताशी साधारण ४ लिटर पितं, म्हणजे ४० एचपीला १५-१६ लिटर. कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक याहून जास्त. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला एक तृतीयांश हात न लावता. उलटा वारा आणि ओहोटी एकत्र आली तर परतीचा हिस्सा जाण्याच्या हिश्श्यापेक्षा सहज वाढतो, तेव्हा तो तिसरा हिस्सा कामी येतो.